नावाची जागा

"हे यंत्रानं रचलंय? मग यंत्रालाच पाठव की त्या बापाकडे!" कालमुरातनं मोबाइल बुरुलच्या मांडीवर टाकला.

परगावी कुणी वारलं, तर घरच्यांना ते गाऊनच सांगायचं, ही नारिनच्या खोऱ्यातली रीत. म्हाताऱ्या कालमुरातनं जन्मभर तेच केलं, बुरुलला तेच शिकवलं. हल्ली मेली सगळी गाणी मोबाइल रचून देतो. वर्षभर त्याच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं. मुलगा बेक्तुर फोनवर म्हणायचा, "आता आराम करा, बाबा," की म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आराम काय, मेल्यावर आहेच!

"आजच सांगायचंय, उस्ताद," बुरुल म्हणाली. "यंत्राचं गाणं माझ्या तोंडून निघत नाही."

"कोण गेलं?"

"तरुण मुलगा. गाडी दरीत गेली."

"नाव?"

"तुम्हीच शिकवलंत ना? बापाच्या आधी नाव कुणाला कळू द्यायचं नाही."

"शाब्बास!" त्यानं कोमुझ मांडीवर घेतलं, तिन्ही तारा जुळवल्या. "बाप कसा आहे?"

"हट्टी. चारचौघांत रडायचा नाही."

"मग रडवायलाच हवं. नाहीतर आतल्या आत कुढून मरेल."

दोन ओळी झाल्या. तिसरी काही केल्या येईना. संपलो की काय आपण? बुरुल मान खाली घालून बसली होती. चहा तसाच गार झाला होता.

"अंगणात माणसं कसली जमलीत?"

"माझ्यासाठी थांबलीत."

"थांबू देत!"

आणि ओळ आली.

*ससाणा उडाला, आभाळ मिटलं,*
*हात मात्र अजून पुढेच धरलेला,*
*खाली घे रे बाबा, खाली घे हात…*

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. अजून आपली गरज आहे तर! त्याला इतका आनंद झाला, की मेलेल्या पोरापुढे त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"घे, गाऊन दाखव. मीच तो बाप समज. नजर चुकवायची नाही. नावाच्या जागी नुसती तार छेड."

बुरुलनं कोमुझ घेतलं. आवाज कापत होता, पण नजर हलली नाही. अंगणातले पुरुष आत आले, टोप्या काढून भिंतीला टेकून उभे राहिले.

नावाची जागा आली. तिनं तार छेडली नाही.

"बेक्तुर," ती गायली.