सुट्टीच्या आदल्या दिवशी

शेअर बाजार बंद असला की अण्णा सांगलीहून साताऱ्याला चंदनाकडे यायचे. तिच्या वाढदिवसाला कधी नाही. गुड फ्रायडेला, मोहरमला. "बाजाराला कुलूप लागलं की मगच लेक आठवते तुम्हाला," असा टोमणा ती मारायची. अण्णा नुसते हसायचे आणि जेवायला बसायचे.

अण्णा गेले. त्यांनी शेवटी घेतलेले शेअर चंदनाच्या नावावर झाले. मग एका दुपारी त्यांच्या ब्रोकरचा, सम्मेदचा, फोन आला.

"ताई, उद्या बाजार बंद हाय. सगळं विकून टाकू न्हवं?"

"सगळं? ते कशाला?" चंदनाला काही कळेना.

"अण्णांची रीतच हुती. सुट्टीच्या आदल्या दिवशी हातात एक शेअर ठिवायचे न्हाईत. तोट्यात असला तरी विक म्हणायचे. लय भांडलोय मी त्यांच्यासंगं."

"पण का?"

"म्हणायचे, उद्या लेकीकडं जायाचं हाय. तिच्याशी बोलताना डोसक्यात भाव नको."

चंदनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग काय करू, ताई? विकू का ठिवू?"

उद्या सुट्टी होती, आणि कुणीच कुणाकडे जाणार नव्हतं.