कोरड्या बोटांचा दाखला

मीठ खात्याच्या दारोगांच्या पायातले बूट कायमचे गेले. पण ते अजून झालेलंच नाही, असं समजून सुरुवात करू.

१८८१ च्या आषाढात, जोडे घालून कचेरीची पायरी चढला म्हणून, दारोगांनी मिठागरात राबणाऱ्या कळव्याच्या कॉस्मासला तेच जोडे डोक्यावर देऊन गावासमोर उभं केलं. महिनाभरात ओल्या बुटांत दारोगांच्याच बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलल्या. खाज अशी, की सही करताना हात टाकावर आणि जीव पायात. औषध गावात एकीलाच ठाऊक होतं, कॉस्मासच्या बायकोला.

"चिखल्या हायत," व्हिक्टोरिया म्हणाली. "बुरशीच ती, ओलीवर जगते. पाय धुवा, बेचक्या कोरड्या पुसा, मेंदी लावा. बूट नाय."

"आणि कचेरीत?"

"तिथं तर नायच नाय."

औषध खरं होतं. पंधरा दिवसांत पाय बरे झाले. फक्त मधल्या काळात तिनं मोठ्या साहेबांना निरोप धाडला होता, की हे दुखणं ओल्या बुटांतून दुसऱ्यालाही लागतं. साहेबांनी घाबरून हुकूम काढला: औषध देणारीचा दाखला येईपर्यंत दारोगांनी अनवाणी यावं.

दारोगा दाखला मागायला गेले.

"लेखी अर्ज करा," व्हिक्टोरिया म्हणाली. "बगू."

यंदा अकरावं वर्ष. ताजा अर्ज असा: 'अर्जदाराच्या दाही बोटांची समक्ष पाहणी होऊन, ती कोरडी असल्याचा दाखला निदान पेन्शनीपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती.'