रुसव्याची फेरी

आमच्या गावात माणसं मोजकी, म्हणून नियमाप्रमाणे बस फाट्यावरूनच निघून जायची. दवाखाना असो की बाजार, फाट्यापर्यंत तंगडतोड ठरलेली. त्यात सुताराची थोरली नवऱ्यावर रुसून माहेरी आली. जावई बसचा ड्रायव्हर. दुसऱ्याच दिवशी त्याने प्रवाशांसकट बस सासऱ्याच्या दारात आणून उभी केली आणि बायकोची आर्जवं सुरू केली. ती बाहेर फिरकली नाही. मग तो सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. गावाचं बरं चाललं.

महिन्याभराने थोरलीने पिशवी भरली. "झालं गेलं. आज जाते मी त्यांच्याबरोबर."

अख्खं गाव दारात जमलं.

"एवढ्यात विरघळलीस? स्वाभिमान आहे की नाही?" शेजारची काकू म्हणाली. "सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तोवर तरी रुसवा धर."

"काकू, तुटेपर्यंत ताणू नये."

"पोरीचं बरोबर आहे," सुतार म्हणाला. "धाकटीचं लग्न झालं की तू खुशाल जा. तिला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बघितलाय. तेवढं तिला रुसायला शिकव."