धरलेले हात

“सांग ना तिला,” डॉक्टर म्हणाले. “बाहेर पन्नास पेशंट बसलेत.”

सपनाचे हात मांडीवरून उठले नाहीत. शेजारच्या स्टुलावर तिची आई बसली होती. पद्माबाई. जन्मापासून बहिरी. तिकडं गावी, कुरुंद्याला, हळद शिजवायच्या कुकरपाशी राबणारा बाप, पुंजाजी, तोही बहिरा. दोघांच्या पोटी ऐकणारं लेकरू एकच, सपना. आईची नजर डॉक्टरांच्या तोंडावरून लेकीच्या हातांवर आली आणि तिथंच थांबली.

“गर्भपिशवीत गाठ आहे, चांगली दिसत नाही, पिशवी काढावी लागेल. एवढंच सांगायचंय. तुझं काय जातं?”

दारातली मनकर्णा आया हसली. “सांगंल की, सायेब. मुक्याची पोरगी हाय. तिला सवय हाय.”

सवय! चौथ्या वर्षापासून सपना त्या घराचं तोंड होती. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडं, बँकेत. लोक शिव्या आईबापाला द्यायचे, आणि ऐकायच्या हिनं. ती त्यातलं विष काढून घ्यायची आणि ‘उद्या या म्हणाले’ एवढंच हातानं सांगायची. विष तिच्यापाशीच राहायचं. गाव म्हणायचं, पोरगी मोठी गुणाची. ही गुणाची पोरगी झोपेत दात करकरा खाते, ते का, हे कुणी विचारलं नाही.

सात वर्षांची असताना अशाच एका दवाखान्यात नर्सनं तिला बकोटीला धरून आईच्या खाटेपाशी उभं केलं होतं. ‘आईला सांग, बाळ पोटातच मेलं.’ मेलं हे हातानं कसं सांगायचं, तिला ठाऊक नव्हतं. घरात तोवर फक्त कोंबड्या मेल्या होत्या. कोंबडी मेली की बाप मान एका अंगाला टाकायचा, जीभ बाहेर काढायचा, आणि सगळी हसायची. सपनानं तेच केलं. आईच्या पोटाला हात लावला, मान टाकली, जीभ काढली. आई आधी हसली. मग तिनं नर्सचं तोंड पाहिलं. मग सपनाच्या गालावर अशी थप्पड बसली की महिनाभर कानात शिट्टी वाजत होती.

बारा वर्षं झाली. त्या थपडेबद्दल आईच्या हातांनी कधी काही सांगितलं नाही. विसरली असंल. मारणारा विसरतो.

आणि याच आईला, ऐन हळदीच्या हंगामात, अंगात रगत नसताना, दुपारी अंगणवाडीच्या संगीताबाईकडं जाऊन बसायला दोन महिन्यांपासून वेळ होता. घरी भांडी तशीच पडलेली, आणि ही संध्याकाळी बोटांना निळी शाई लावून परत. काय करून राहिली म्हणून विचारलं की मान फिरवायची.

“काहून मीच सांगू?” सपना म्हणाली.

“मग कोण सांगणार? तुझी आई आहे ना ती?”

“म्हणूनच!” सपना अशी उठली की तिचं स्टूल आडवं झालं. “तुमच्या आईला असं काही झालं, तर तिला कोण सांगंल? दुसरा डाक्टर सांगंल. तुमी बाहेर बसून रडान. मला कवा रडू देता, सायेब? माझे हात बोलण्यात गुतलेले असतात. डोळे कशानं पुसू?”

“बया! आईपुढं आरडून राहिली,” मनकर्णा म्हणाली.

“आरडू द्या! तिला कुठं ऐकू येतं!”

ती आईकडं वळली आणि आता तिचे हात उठले. सांगायचंच ना? मग सगळंच सांगते. गाठ सांगते, कोंबडी सांगते, थप्पडही सांगते. तिनं आईच्या पोटाला हात लावला.

पद्माबाईनं तिचे दोन्ही हात धरले.

बहिऱ्याच्या घरात कुणी कुणाचे हात धरत नाही. भांडण किती का पेटेना, समोरच्याचे हात मोकळे ठेवायचे. बोलत्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा, तसं असतं ते. पुंजाजीनं उभ्या जन्मात बायकोचे हात धरले नव्हते. सपनाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे आजसुद्धा हिला माझं ऐकायचं नाही! ती हिसडे देऊ लागली. पण हळद खणून खणून टणक झालेला तो पंजा. सुटेना.

एका पंजात लेकीची दोन्ही मनगटं आवळून पद्माबाईनं दुसरा हात कमरेच्या पिशवीत घातला. वहीच्या पानाची घडी काढली. घडीवर फाटायला आलेलं, घामानं मऊ पडलेलं पान. तिनं ते उलगडून टेबलावर सरकवलं.

डॉक्टरांनी वाचलं. मग त्यांनी ते सपनाकडं फिरवलं. निळ्या शाईची, वाकडीतिकडी, ओळीखाली उतरलेली अक्षरं होती:

‘मी वाचायला शिकले. काय झालं ते मला लिहून द्या. माझ्या लेकीला सांगायला लावू नका. मागच्या वेळी मी तिला मारलं.’