शंभर टक्के साक्षर

दहावीचा निकाल लागला, त्याच दिवशी शाळेत ढवळेबाईंनी हर्षालीच्या कानामागची वाचनपट्टी काढून घेतली. सातवीपर्यंत तिला अक्षर लागत नव्हतं. पट्टी लावली आणि समोरच्या ओळी आपोआप कळायला लागल्या. तीन वर्षांत तिने शाळेतली सगळी गोष्टींची पुस्तकं वाचून काढली.

"थोडे दिवस राहू द्या ना, बाई. कादंबरी अर्धीच झालीय."

"योजना शाळेपुरतीच आहे गं," ढवळेबाई म्हणाल्या. "ही आता सातवीतल्या कुणाला तरी लावायची."

"मग मला वाचायला का नाही शिकवलंत?"

बाईंनी पट्टी पुसून डबीत ठेवली. पट्ट्या आल्या तेव्हाच वाचनाचा तास बंद झाला होता.

संध्याकाळी शंभर टक्के साक्षर शाळा म्हणून सत्कार झाला. सर्वांत जास्त वाचणारी मुलगी म्हणून पाहुण्यांनी हर्षालीला एक जाडजूड पुस्तक दिलं. टाळ्यांच्या कडकडाटात ती खाली येऊन आईशेजारी बसली आणि मुखपृष्ठाकडे बघत राहिली.

"काय नाव गं पुस्तकाचं?" आईने कौतुकाने विचारलं.

हर्षालीने पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"घरी गेल्यावर सांगते," ती म्हणाली.