आकड्याची पट्टी

उद्धव सरांनी प्लास्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे काउंटरवर ठेवले आणि हातातलं सायकलचं चाक भिंतीला टेकवलं.

"टायर काढायला गेलो अन् हीच तुटली."

लताबाईंनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. नांदेडच्या जुन्या मोंढ्यातलं सायकलच्या सामानाचं हे दुकान नवऱ्यामागं त्या स्वतःच चालवत. त्यांनी चाक जवळ ओढलं, टायरवर अंगठा दाबला.

"नवं बसवलंय का?"

"हाव. अन् लगेच बाभळीचा काटा."

"लई कडक हाय, सर. ह्याला प्लास्टिक टिकायचं न्हाई. पंक्चरवाल्याकडं का देत न्हाई तुम्ही?"

"सकाळी सायकल घेऊन आसना पुलाच्या पलीकडं जातो मी, पार लांब. तिथं कुठला पंक्चरवाला? आपलं आपल्यालाच करावं लागतंय."

लताबाईंनी दोन पट्ट्या काढून समोर ठेवल्या. पहिली पातळ, चकचकीत. "ही दाबली की वाकती. वर रिमला चरे पाडती." दुसरी जाड पोलादाची, टोकं घासून गुळगुळीत केलेली. "ही मजबूत हाय. ट्यूबलाबी लागत न्हाई."

सरांनी जाड पट्टी उचलली, दोन्ही हातांनी वाकवून पाहिली. ती जराही हलली नाही. "हीच द्या."

"पण ही लावली तर टायर कुणीतरी धरावं लागतंय. तुम्ही एका बाजूनं उचललं की दुसऱ्या बाजूनं आत जातंय. संगं असतंय ना कुणी?"

सरांनी पट्टी परत काउंटरवर ठेवली.

"असायचा," ते म्हणाले. "राघवेंद्र. आम्ही दोघंच जायचो. तो टायर दाबून धरायचा, मी पट्टी लावायचो. आता पुण्याला गेला, पोराकडं. कायमचाच."

लताबाईंनी खाली वाकून ड्रॉवरमधून आणखी एक जोडी काढली. पोलाद तसंच जाड, पण प्रत्येक पट्टीचं एक टोक आकड्यासारखं वळलेलं.

"मग ही घ्या. एकीनं टायर उचलायचं अन् हा आकडा चाकाच्या आऱ्यात अडकवायचा. ती जागेवर ऱ्हाती. मग दुसरी आपण चालवायची. एकट्या माणसाला बरं पडतंय. इथंच बघा काढून."

सर दुकानाच्या पायरीवर बसले. चाक गुडघ्यांत धरलं. पहिल्यांदा पट्टी निसटली आणि बोटाचं सालटं निघालं. त्यांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा पट्टी घातली, जोर लावला आणि आकडा आऱ्यात अडकवला. हात सोडून पाहिला. पट्टी तिथंच राहिली. मग दुसरी पट्टी त्यांनी शेजारी घातली आणि हळूहळू कडेनं फिरवली. टायर अडून बसलं, करकरलं, आणि एकदम रिमच्या बाहेर आलं.

"निघालं!" सर मोठ्यानं म्हणाले आणि डावीकडं वळून बघितलं. तिथं कुणाची तरी स्कूटर उभी होती.

खिशातला फोन वाजला. राघवेंद्रच होता.

"काय करून राहिलास?"

"टायर काढलं. आत्ताच निघालं बघ."

"ते नवं? कडकवालं? अन् धरलं कुणी?"

सरांनी गुडघ्यांतल्या चाकाकडं बघितलं. आत सामान बांधता बांधता लताबाईंचा हात थांबला.

"हाय एकजण," सर म्हणाले.

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "बरं झालं, उद्धव. लई बरं झालं. मला हितं घोर लागला होता. वाटायचं, बसला असशील पुलापलीकडं चाक घेऊन एकलाच. कोण हाय? आपल्या गल्लीतला का?"

"न्हाई. नवीनच हाय." सरांनी आऱ्यात अडकलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. उन्हात ती गरम झाली होती. "लई बोलत न्हाई."

"असू दे की," राघवेंद्र म्हणाला. "तूच बोलत जा त्याच्याशी."