नवी वायर

घशाच्या ऑपरेशनमध्ये नीलम्माचा आवाज कायमचा गेला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, शिवलिंगअप्पांनी, तिनं गायलेल्या भजनांची जुनी कॅसेट शोधून काढली. ती नीट ऐकू यावी म्हणून मुंबईहून स्पीकरची महागडी वायर मागवली. शाहूपुरीतल्या त्या घरात यावरून रोज वाद व्हायचा.

"अप्पा, वायरीनं आवाज बदलत न्हाय," मुलगा मृत्युंजय चिडून म्हणाला.

"बदलतोय की. नव्या वायरीतनं तुझी अव्वा समोर बसून गातीया."

"मग डोळं मिटा आणि वळखून दाखवा."

अप्पांनी डोळे मिटले. नीलम्माच्या देखत मृत्युंजयनं नवी वायर काढली, जुनी जोडली आणि कॅसेट लावली. भजन संपलं.

"हीच नवी." अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे उघडून बायकोकडं पाहिलं. "पोराचं ऱ्हाऊ दे. तू सांग, नीलम्मा. तुझा आवाज असाच हुता न्हवं?"

मृत्युंजयनं नवी वायर पाठीमागं धरली होती. तो ती पुढं करणार, एवढ्यात नीलम्मानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग नवऱ्याकडं वळून तिनं होकारार्थी मान हलवली.

मृत्युंजयनं नवी वायर पाठीमागंच राहू दिली.

"अप्पा," त्यानं विचारलं, "परत एकदा लावू?"